उसाला झिंक, म्हशीला मिश्रण, लेकराला काय?

उसाचे पान पिवळे पडले की तुम्हाला कोणी सांगावे लागत नाही. शिरा हिरव्या आणि मधला भाग पांढरट-पिवळा दिसला, की बांधावरूनच म्हणता, ‘केवडा पडलाय, लोह कमी आहे.’ मग फेरस सल्फेटची फवारणी होते. पिकाची वाढ खुंटली की झिंक सल्फेट आणता. म्हैस वेळेवर माजावर येईना, की डॉक्टरांना विचारून खनिज मिश्रणाची पिशवी घरात येते. यात गैर काहीच नाही. पोटापाण्याचा धंदा आहे, तो डोळसपणे केलाच पाहिजे.

आता घरातल्या दीड वर्षाच्या लेकराकडे तेवढ्याच बारकाईने बघा. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग लालसर आहे की फिकट? तळहात गुलाबी आहेत की पांढुरके? पोर खेळते का, की सारखे कडेवर किरकिरत बसते? भिंतीचे पोपडे, माती, पाटीवरची पेन्सिल तोंडात घालते का? घरात म्हणतात, ‘अंगलटच तशी आहे, बापावर गेलंय.’ पण पिकाचा केवडा आणि पोराचा फिकटपणा यांत फार फरक नाही. दोन्हीकडे एखादे खनिज कमी पडलेले असते. फरक इतकाच, की पिकाचा हंगाम गेला तर पुढच्या वर्षी दुसरा येतो. लेकराच्या मेंदूच्या वाढीचा हंगाम पहिल्या दोन वर्षांचाच असतो. तो परत येत नाही.

पोट भरले, पण रक्त भरले नाही

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे सांगतो. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी ६९ मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी आढळले. त्याआधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ५४ होता. पाच वर्षांखालील शंभरातील ३५ मुले वयाच्या मानाने बुटकी राहिली होती.

काही जाणकार म्हणतात, बोटाला टोचून घेतलेल्या रक्ताच्या तपासणीत आकडा फुगतो. बरे, तसे धरू. २०१६ ते २०१८ मध्ये देशभर दुसरी एक मोठी पाहणी झाली. तिच्यात शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत तपासले होते. तिच्यातही एक ते चार वर्षांच्या शंभरातील ४१ मुलांना रक्तक्षय, ३२ मुलांना लोहाची कमतरता आणि १९ मुलांना झिंकची कमतरता आढळली. म्हणजे कोणत्याही मापाने मोजले तरी अंगणवाडीत बसलेल्या दर तीन मुलांमागे एकाच्या अंगात लोह कमी आहे. यात उपाशी राहणारी मुलेच आहेत असे समजू नका. कोठी भरलेल्या, दारात ट्रॅक्टर उभ्या असलेल्या घरांतही अशी मुले सापडतात.

सहा महिन्यांनंतर काय होते?

बाळ आईच्या पोटातून येताना लोहाची थोडी शिदोरी घेऊन येते. आईच्या दुधात लोह कमी असते, पण त्या शिदोरीच्या जोरावर साधारण सहा महिने निभावते. म्हणून पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नको, असे डॉक्टर सांगतात ते योग्यच आहे. सातव्या महिन्यात मात्र शिदोरी संपत येते आणि बाळाची वाढ जोरात असते. तेव्हा वरचे अन्न सुरू झालेच पाहिजे, आणि त्यात लोह, झिंक, कॅल्शियम असलेच पाहिजे.

आपल्याकडे नेमके इथे अडते. कुठे उष्टावण लांबते. कुठे उष्टावण थाटात होते आणि नंतर बाळाला मिळते काय, तर डाळीवरचे पाणी, भाताची पेज आणि चहात बुडवलेले बिस्कीट. देशात सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी जेमतेम ११ मुलांना पुरेसा आणि चौरस आहार मिळतो, असे त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. डाळीच्या पाण्यात डाळ नसते, हे आपण पंगतीत वाढप्याला ऐकवतो; बाळाच्या वाटीपाशी मात्र विसरतो.

दुधाबद्दलही एक सांगायला हवे. गाईच्या किंवा म्हशीच्या दुधात कॅल्शियम भरपूर, पण लोह जवळजवळ नाही. वर्षाच्या आत बाळाचे पोट वरच्या दुधानेच भरले, तर लोह असलेले अन्न पोटात जायला जागाच उरत नाही. उलट दोन-तीन वर्षांच्या मुलाला दुधाची गरज असते, तेव्हा घरचे सगळे दूध डेअरीला जाते. कॅनमध्ये ओतण्याआधी कपभर दूध त्या पोरासाठी बाजूला राहू द्या.

चुनखडीच्या रानासारखी गोष्ट

कोणी म्हणेल, ‘आम्ही तर बाजरी, ज्वारी, नाचणी खातो. त्यात लोह आहे म्हणतात ना?’ आहे. पण चुनखडीच्या रानाचा अनुभव तुम्हाला आहे. माती तपासली तर तिच्यात लोह निघते, पण ते पिकाला लागू होत नाही आणि केवडा पडतोच. धान्याचेही तसेच आहे. धान्याच्या आणि डाळीच्या टरफलाकडच्या भागात फायटेट नावाचा पदार्थ असतो. तो लोह आणि झिंक धरून ठेवतो. भाकरीत लोह असते, पण पोटातून रक्तात थोडेच उतरते.

ही गाठ सोडवण्याच्या युक्त्या आपल्या आजी-पणजींच्या घरात होत्याच. धान्य भिजवणे, मोड आणणे, आंबवणे या तिन्हींनी फायटेट कमी होते. अन्नाबरोबर लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो असे ‘क’ जीवनसत्त्वाचे काही असले, की लोह चांगले शोषले जाते. मटण, कलेजी, मासळी यांतले लोह तर सहज अंगी लागते. त्यांचा थोडा अंश जेवणात असला तर धान्यातले लोहही जास्त शोषले जाते.

आणि ही गाठ घट्ट करणारी वस्तू आहे चहा. चहातील टॅनिन लोहाला बांधून टाकते. सकाळी कपबशीतला चहा आणि त्यात बुडवलेली चपाती हा अनेक घरांत लहान मुलाचाही नाश्ता आहे. त्याने भूक मरते, लोह वाया जाते आणि अंगी काही लागत नाही. पोर चहा मागते, कारण आपण त्याला तो चाटवलेला असतो. या लेखातली एकच गोष्ट पाळायची असेल तर ही पाळा: पाच वर्षांखालील मुलाला चहा नको.

झिंकची कमतरता कशी कळली

पिकाला झिंक लागते हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. माणसाच्या अंगातही ते कमी पडू शकते, हे मात्र जगाला १९६० च्या सुमारास कळले, आणि ते शोधणारा डॉक्टर आपल्या बिहारमधला होता. डॉ. आनंद प्रसाद इराणमध्ये शिराझ येथे काम करीत होते. तिथे त्यांच्याकडे एकवीस वर्षांचा तरुण आला. दिसायला तो दहा वर्षांच्या मुलाएवढा होता. त्या भागातल्या अशा मुलांचा आहार म्हणजे न आंबवलेली कोंड्याची रोटी. मांसाहार जवळजवळ नाही, आणि माती खाण्याची सवय. पुढे इजिप्तमध्ये केलेल्या तपासण्यांतून झिंकच्या कमतरतेने वाढ खुंटते हे सिद्ध झाले. झिंक दिल्यावर त्या मुलांची उंची वाढू लागली.

झिंक कमी असलेल्या मुलाला हगवण लवकर लागते, आणि हगवणीतून अंगातले उरलेले झिंकही निघून जाते. हे दुष्टचक्र तोडण्यासाठी हगवण लागलेल्या मुलाला ओआरएसबरोबर झिंकची गोळी देतात. सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी, १४ दिवस. गोळी चमचाभर पाण्यात विरघळते. आपल्याकडे जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की गोळ्या फडताळात जातात. तसे करू नका. उरलेल्या दिवसांच्या गोळ्या अंगातली तूट भरून काढण्यासाठीच असतात. गोळ्या आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात फुकट मिळतात.

मिठाची पिशवी बघून घ्या

तिसरे खनिज आयोडीन. ते कमी पडले तर गलगंड होतो एवढेच आपण ऐकलेले असते. पण गरोदर बाईला ते कमी पडले तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ अडते, ही त्याहून मोठी गोष्ट आहे. म्हणून २००६ पासून देशात माणसांनी खाण्यासाठी आयोडीन नसलेले मीठ विकायला बंदी आहे. पाकिटावर हसऱ्या सूर्याचे चिन्ह बघा. जनावरांसाठी आणलेले सुटे खडे मीठ स्वयंपाकात वापरू नका. मीठ चुलीशेजारी उघडे ठेवले तर ओल आणि उष्णतेने आयोडीन कमी होत जाते. झाकणाच्या बरणीत ठेवा आणि भाजी शिजत आल्यावर घाला.

घरातल्या घरात काय करता येईल?

बाजारातले महागडे डबे आणण्याची गरज नाही. पुढच्या गोष्टी कोणत्याही घरात होण्यासारख्या आहेत.

• मोडाच्या नाचणीचे पीठ: नाचणी धुऊन रात्रभर भिजवा. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात बांधून मोड आणा. सावलीत वाळवा, मंद भाजा, चोळून मोड काढा आणि दळा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. एक ते तीन वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज पाचशे मिलिग्रॅम धरतात. मूग, गहू यांचेही असेच करता येते. ज्वारीचे मोड मात्र बाळासाठी वापरू नका. कोवळी ज्वारी खाऊन जनावराला विषबाधा होते ती ज्या द्रव्यामुळे, ते मोडातही असते.

• घट्ट खीर सैल करण्याची युक्ती: बाळाला गिळता यावे म्हणून आपण खिरीत पाणी वाढवतो आणि मग वाटीत पाणीच जास्त होते. त्याऐवजी खीर घट्ट शिजवा, थोडी निवल्यावर मोडाच्या पिठाचा एक चमचा घालून ढवळा. बघता बघता ती सैल होते. मग एक उकळी आणा. बाळाच्या छोट्या पोटात त्यामुळे जास्त अन्न जाते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी या मोडाच्या पिठावर बरेच काम केले.

• डाळीचे पाणी नको, डाळच द्या. वरणभात, मुगाची खिचडी बोटाने कुस्करून द्या. वरून चमचाभर तेल किंवा तूप आणि दोन थेंब लिंबू.

• परसातली भाजी: शेवग्याचा कोवळा पाला, राजगिरा, माठ, तांदुळजा, चाकवत. बारीक चिरून डाळीत शिजवली की पोराला वेगळी भाजी करावी लागत नाही. बांधावर शेवग्याची दोन झाडे लावली तर वर्षभराची सोय होते.

• तीळ, खुरासणी, जवस, शेंगदाणा यांचे भाजून केलेले बारीक कूट खिचडीत चमचाभर. अख्खा दाणा लहान मुलाला देऊ नका, घशात अडकतो.

• खात असाल त्या घरात अंडे सातव्या महिन्यापासून उकडून, कुस्करून देता येते. कलेजीचा छोटा तुकडा बारीक करून आठवड्यातून एकदा. सुकट, जवळा स्वच्छ करून, भाजून केलेली पूड हा गरिबाचा कॅल्शियमचा साठा आहे.

• लोखंडी कढई आणि तवा माळ्यावरून खाली काढा. लोखंडी भांड्यात शिजवलेल्या अन्नात, विशेषतः आंबट पदार्थांत, लोह उतरते. इथिओपियात लहान मुलांवर केलेला असा प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. ॲल्युमिनियमच्या भांड्यांत शिजवलेले अन्न खाणाऱ्या मुलांपेक्षा लोखंडी भांड्यांतले खाणाऱ्यांचे हिमोग्लोबिन जास्त वाढले होते.

किती द्यायचे? सातव्या-आठव्या महिन्यात दोन-तीन चमच्यांपासून सुरू करून अर्ध्या वाटीपर्यंत, दिवसातून दोन-तीन वेळा. नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा, आणि मध्ये एखादे केळे किंवा लाडू. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवा. पोराचे ताट वेगळे वाढा. मोठ्यांच्या ताटात बसवले की ते किती जेवले हे कळतच नाही.

ही यादी फक्त आईने वाचायची नाही. ती पहाटे पाण्याला, दिवसभर खुरपायला आणि संध्याकाळी चुलीपाशी. बाजाराची पिशवी बहुतेक घरांत बाप्याच्या हातात असते. त्या पिशवीत फरसाण आणि बिस्किटाचे पुडे येतात की डझनभर अंडी आणि पावशेर तीळ, हे तुम्ही ठरवता.

वाण निवडतानाच विचार करा

बाजरी पिकवणाऱ्यांसाठी खास गोष्ट. ‘धनशक्ती’ हे जास्त लोहाचे बाजरीचे वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि इक्रिसॅट संस्थेने तयार केले. २०१२ साली ते महाराष्ट्रासाठी प्रसारित झाले. त्यात किलोला सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. पुढे २०१८ पासून देशात बाजरीच्या नव्या वाणात किलोला किमान ४२ मिलिग्रॅम लोह असलेच पाहिजे, असा निकष ठरला.

अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात १२ ते १६ वर्षांच्या वसतिगृहातील मुलामुलींना सहा महिने या बाजरीच्या भाकरी देऊन पाहिल्या. तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. साधी बाजरी खाणाऱ्यांपेक्षा या मुलांच्या अंगातला लोहाचा साठा अधिक सुधारला. मात्र मोठी मुले पोटभर भाकरी खातात. दीड वर्षाचे पोर चतकोर खाते. त्यामुळे नुसते वाण बदलून बाळाचे काम भागणार नाही. घरखर्चापुरती दोन पांड अशी बाजरी जरूर करा, पण वरच्या गोष्टी त्याला जोडून हव्यात.

औषधाची बाटली फडताळात नको

ज्या बाळाच्या अंगात लोह फार कमी झाले आहे, त्याची तूट एकट्या आहाराने लवकर भरत नाही. त्यासाठी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आशाताईंमार्फत लोहाचे पातळ औषध मिळते. आठवड्यातून दोन वेळा, एका वेळी एक मिलिलिटर. औषधाने शौचाला काळी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. जेवणानंतर द्या, चहा-दुधाबरोबर नको. बाटली मुलाच्या हाताला लागू देऊ नका. एकदम जास्त पोटात गेले तर धोका आहे. मूल तापाने आजारी असेल किंवा फारच रोडावले असेल तर नर्सताईंना विचारल्याशिवाय देऊ नका. आदिवासी भागात सिकलसेलची तपासणीही करून घ्या, कारण तो रक्तक्षय लोहाने बरा होत नाही.

जंताची गोळी वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, अंगणवाडीत मिळते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी, पुढे पूर्ण.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी यांच्यासाठी

हा विषय अंगणवाडी ताईंचा, असे म्हणून सोडून देऊ नका. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा दहा टक्के वाटा महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो मार्चअखेरीस खुर्च्या आणि सतरंज्यांवरच जातो का, ते तपासा. त्यातून अंगणवाडीला चालू स्थितीतला वजनकाटा, उंची मोजण्याची पट्टी, स्वच्छ पाण्याची सोय, परसबागेला कुंपण आणि रोपे देता येतात.

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची बैठक फक्त रजिस्टरवर होते की खरी होते? बैठकीत तीन प्रश्न विचारा. या महिन्यात किती मुलांचे वजन वाढले नाही? लोहाच्या औषधाच्या बाटल्या किती घरांत पोचल्या आणि किती संपल्या? घरी नेण्याचा आहार कोणत्या तारखेला आला? अन्नसुरक्षा कायदा २०१३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला रोज ५०० उष्मांकाचा आहार हा त्याचा हक्क आहे. ती पाकिटे लेकरासाठी असतात. सगळ्या घराच्या चहाबरोबर संपवण्यासाठी नाहीत. पाकिटे कोणी खात नसेल तर चव, वास, मुदत काय आहे ते बैठकीत मांडा आणि वर लेखी कळवा.

आदिवासी गावांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळी देण्याची तरतूद आहे. ती चारही दिवस मिळतात का, यावर सदस्यांनी स्वतः अंगणवाडीत जाऊन नजर ठेवावी.

ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीनंतर गाव सोडतात आणि त्यांची लेकरे यादीतून सुटतात. गाड्या निघण्याआधी मुलांचे वजन घ्या, औषध बरोबर द्या आणि कारखान्याच्या गावच्या अंगणवाडीत नाव लागेल याची व्यवस्था करा. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, म्हणजे पट्टी लाल भागात गेली, तर ते मूल गंभीर आहे. त्याला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या.

लोहाची कमतरता ढोलताशे वाजवत येत नाही. पोर रडत नाही, तापत नाही. फक्त थोडे मंद राहते, थोडे बुटके राहते, शाळेत मागच्या रांगेत जाऊन बसते. मग आपण म्हणतो, ‘डोकंच चालत नाही त्याचं.’ माती परीक्षण करून खताचा हिशेब मांडणाऱ्या गावाला लेकरांचा हिशेब मांडणे अवघड नाही. या महिन्यात अंगणवाडीत वजनाचा दिवस कधी आहे, ते आजच ताईंना विचारा आणि त्या दिवशी पोराला घेऊन स्वतः जा.